फिरती रोपवाटिका: हेंडरसन ल्यूलिंगची ७०० झाडं आणि त्याच्यामागे उरलेले कागद

दप्तरी

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कलमी फळझाडांची पहिली रोपवाटिका हेंडरसन ल्यूलिंगने लावली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. १८०९ साली नॉर्थ कॅरोलायनात, क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरात जन्म. पुढे इंडियाना, मग १८३७ पासून आयोवातलं सेलम, आणि तिथे भाऊ जॉनबरोबर रोपवाटिका. १७ एप्रिल १८४७ ला बायको, आठ मुलं आणि बैलगाडीत लावलेली सुमारे ७०० झाडं घेऊन तो ओरेगॉनला निघाला. नोव्हेंबरात पोचला आणि विल्यामेट नदीकाठच्या मिलवॉकीत बाग लावली.

गाडीचं तपशीलवार वर्णन त्याचा मुलगा आल्फ्रेड याच्या आठवणींतून येतं. गाडीच्या साट्यात बरोबर बसतील अशा १२ इंच खोल दोन पेट्या, त्यांत माती आणि कोळशाचं मिश्रण, त्यात २० इंचांपासून ४ फुटांपर्यंत उंचीची रोपं, आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती हिकरीच्या (चिवट लाकडाचं झाड) पट्ट्यांचं कुंपण. रोज पाणी. ओढायला बैलांच्या तीन जोड्या.

माझे प्रश्न दोन. रोपवाटिकेच्या कामाच्या दृष्टीने हे वर्णन जमतं का? आणि अशा माणसाच्या आयुष्याबद्दल लिहिताना घरच्या आठवणी, भाषणं, हिशेबाच्या वह्या, सरकारी नोंदी यांतल्या कशावर किती भिस्त ठेवायची?

खुंट_कलम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणिताने देता येईल. त्या काळच्या गाडीचा साटा साधारण १० फूट लांब आणि साडेतीन ते चार फूट रुंद असे. म्हणजे पेट्यांची जागा ३५ ते ४० चौरस फूट. त्यात ७०० झाडं बसवायची तर चौरस फुटाला १८-२० येतात, दोन झाडांत जेमतेम ७ सेंटिमीटर अंतर. फळधरती झाडं यात बसणार नाहीत, पण एका वर्षाच्या सरळसोट काड्या सहज बसतात. उंचीचा आकडाही एक-दोन वर्षांच्या कलमांचाच आहे. त्यामुळे ७०० वर शंका घ्यायचं कारण नाही.

वजनाचं बघू. १२ इंच खोली म्हणजे जवळपास एक घनमीटर माती. ओली असताना, कोळसा मिसळूनही, ११०० ते १४०० किलो. ओरेगॉनच्या वाटेवर एका गाडीत २००० ते २५०० पौंडांपेक्षा (सुमारे ९०० ते ११३० किलो) जास्त भरू नये असा सर्वसाधारण सल्ला असे. इथे नुसती मातीच त्या मर्यादेला भिडते किंवा ओलांडते, वर पेट्यांचं लाकूड. ही गाडी वाटेतच सोडून दे असं सोबतचे लोक त्याला सांगत होते ते उगाच नाही.

रानमेवा

कोळसा कशाला? खत म्हणून?

खुंट_कलम

खत म्हणून नाही. गाडीत माती साडेपाच महिने हादरे खाते. नुसती पोयट्याची माती असती तर पंधरवड्यात विटेसारखी घट्ट झाली असती. वरून पाणी उतरत नाही, खाली मुळं कुजतात. कोळशाचे तुकडे दबत नाहीत, त्यामुळे हवा खेळती राहते, ओल धरली जाते, माती आंबत नाही, आणि त्याच आकारमानाला वजनही कमी भरतं. आज आपण कोकोपीट आणि परलाइट घालतो ते याच कामासाठी.

अवकाळी

पाण्याचा मुद्दा इतक्या झटक्यात सोडू नका. साडेतीन चौरस मीटरची पेटी, उन्हाळ्यातली कोरडी मैदानं, सतत वारा. दिवसाला किमान दोन-तीन बादल्या लागणारच. प्लॅट नदीच्या काठाने जाताना पाणी होतं, पण पुढच्या पट्ट्यात जागोजागी क्षारयुक्त डबकी. ते पाणी पिऊन बैल मरत. तेच पाणी पेटीत रोज थोडं थोडं घातलं तर पाणी उडून जातं आणि क्षार मातीत साठतात. आधी पानांच्या कडा करपतात, मग शेंडे वाळतात. उपाय एकच: पेटीच्या तळाला भोकं, आणि गोडं पाणी मिळेल तिथे भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढणं. निम्मी झाडं जगली ती अशी काळजी घेतली म्हणूनच. आणि हे काम एकट्याचं नव्हे. आठ मुलं आणि त्या वाटेवर गरोदर असलेली जेन एलिझाबेथ यांचे हात त्यात आहेत. पोचल्यावर झालेल्या मुलाचं नाव त्यांनी ओरेगॉन कोलंबिया ठेवलं.

सातूचे_पीठ

एवढा खटाटोप का, हे मला अजून कळलं नाही. बी न्यायचं. खिशात मावतं.

खुंट_कलम

सफरचंद बियांपासून जातीला जात देत नाही. फुलाला परका पराग लागतो, त्यामुळे प्रत्येक बी नवा संकर. हजार बिया लावल्या तर खाण्याजोगं फळ देणारी झाडं थोडीच निघतात, आणि ती कोणती हे कळायला सहा ते दहा वर्षं जातात. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असं कोकणात कोणी म्हणत नाही, त्यातलाच प्रकार.

कलमकाड्या न्याव्यात तर त्या थंड आणि दमट ठेवून तीन-चार महिने टिकतात, तेही हिवाळ्यात. एप्रिल ते नोव्हेंबर, भर उन्हाळ्यातून, अशक्य. जहाजाने केप हॉर्नला वळसा घालून न्यावं तर विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. झाड अवेळी फुटतं आणि खाऱ्या वाऱ्यात मरतं. जिवंत, मुळावर उभं झाड नेणं हाच खात्रीचा मार्ग होता.

पानगळ

पण बी नेणाऱ्यांना कमी लेखू नका. त्याच १८४७ च्या हंगामात राल्फ गीअरने एक बुशेल (फळं-धान्य मोजायचं जुनं माप) सफरचंदाचं आणि अर्धा बुशेल नासपतीचं बी आणलं. विल्यम मीकनेही बी आणलं, सोबत थोडी कलमंही. हे बी नसतं तर ल्यूलिंगची झाडं बागेत नुसती उभी राहिली असती. ७०० पैकी साडेतीनशेच्या आसपास जगली. ती विकून टाकली तर धंदा तिथेच संपला. ती मातृवृक्ष म्हणून ठेवायची, त्यांच्या काड्या काढायच्या आणि बियांपासून केलेल्या खुंटांवर (कलमाच्या खालच्या, मुळं असलेल्या भागावर) बांधायच्या. सुरुवातीला तुटवडा होता तो खुंटांचाच. मीक आणि ल्यूलिंग भागीदार झाले, १८४८ मध्ये मीकचं लग्न ल्यूलिंगच्या मुलीशी, मेरीशी झालं. एकाकडे जाती, दुसऱ्याकडे खुंट. यापेक्षा नेमकी सोयरीक कुठली?

रानमेवा

:) पत्रिकेऐवजी खुंट-काडी जुळवली म्हणायचं.

हिरवी_चाळ

बियांच्या रोपाच्या मुळावर काडी बांधायचं हे कलम प्रत्यक्षात कसं करत? आंब्याचं कोय कलम माहीत आहे: दहा-पंधरा दिवसांचं तांबूस रोप, तीन-चार महिने वयाची काडी, तिची पानं आठवडा-दहा दिवस आधी छाटून डोळा फुगवलेला, पाचर मारून पट्टी. सफरचंदाचं वेगळं असणार.

खुंट_कलम

अगदी उलट्या ऋतूतलं काम. आंब्याला उबदार, दमट हवा लागते, तर सफरचंदाचं मूळ-कलम झाड झोपलेलं असताना, घरात बसून करतात.

आधी बी: ओल्या वाळूत ६० ते ९० दिवस, २ ते ५ अंश थंडीत. हे केलं नाही तर बी उगवतच नाही, किंवा दुसऱ्या वर्षी उगवतं. वसंतात पेरायचं, शरदात रोपं उपटायची. पेन्सिलीच्या जाडीचं मूळ निवडून तीन-चार इंचांचे तुकडे करायचे. चांगल्या मुळाचे दोन तुकडे निघतात, आणि खुंट कमी असताना हा हिशेब महत्त्वाचा. कलमकाडी तेवढ्याच जाडीची, तीन-चार डोळ्यांची. दोन्हींना सारख्या लांबीचा तिरका काप, दोन्हींत जीभ, जिभा एकमेकींत अडकवायच्या. जाडी सारखी नसेल तर एका बाजूची साल सालीशी जुळलीच पाहिजे. मध्यावर बसवलेलं कलम हटकून मरतं. मेणवलेल्या दोऱ्याने बांधायचं. मग ओल्या भुशात किंवा वाळूत, ५ अंशांच्या आसपास, तीन ते सहा आठवडे. तळघर गरम झालं तर डोळे आधी फुटतात, जोड कच्चा राहतो आणि लावणीनंतर काडी सुकते. वसंतात लावताना वरचा एकच डोळा मातीबाहेर.

उघड्यावरच्या पाचर कलमासाठीचं जुनं मेण: राळ ४ भाग, मधमाशीचं मेण २ भाग, चरबी १ भाग. चरबी वाढली की उन्हात मेण ओघळतं, राळ वाढली की थंडीत तडकतं.

दप्तरी

हे वाचल्यावर प्रवासाचा शेवटचा टप्पा उलगडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते द डॅल्सला, कोलंबिया नदीकाठी पोचले. तिथे त्यांनी झाडं पेट्यांतून काढून कापडात गुंडाळली आणि होड्यांतून खाली नेली. कॅस्केड्सच्या धबधब्यांपाशी सगळं सामान उतरवून काठाने वाहून न्यावं लागलं. मला आतापर्यंत वाटायचं की एवढं जपल्यावर शेवटी मुळं उघडी करणं हा मोठा धोका होता.

खुंट_कलम

धोका नव्हता, योग्य वेळ होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळून झाड झोपलं की ते मातीशिवाय नेता येतं. मुळं ओली ठेवायची आणि गोठू द्यायची नाहीत, एवढंच. कापड त्यासाठीच. एक टन माती डॅल्सलाच राहिली आणि उरलेला भार माणसांच्या पाठीवर जाण्याइतका झाला. जुलैत हेच केलं असतं तर एकही झाड उरलं नसतं.

मेपल_गल्ली

इकडे बीव्हर्टन-पोर्टलंड भागात बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांना मिलवॉकी अर्ध्या तासावर आहे. तिथल्या लेडिंग ग्रंथालयाचा संबंध याच घराण्याशी. हेंडरसनचा भाऊ सेथ १८५० मध्ये आला. त्याची सावत्र मुलगी फ्लॉरेन्स लेडिंग, तिने मृत्युपत्राने दिलेल्या घरातून ते ग्रंथालय उभं राहिलं.

बिंग चेरी सेथचीच. १८७५ च्या सुमाराची, त्याच्याच ब्लॅक रिपब्लिकन चेरीच्या बीपासून. नाव आह बिंग या त्याच्या चिनी मुकादमावरून. फ्लॉरेन्सच्या आठवणीनुसार तो मांचुरियातला उंचापुरा माणूस होता आणि दुसऱ्या सगळ्या कामगारांवर देखरेख करत असे.

पानगळ

यातच दप्तरींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बिंगच्या नावाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, रोपांच्या ओळी सेथ आणि बिंग यांनी वाटून घेतल्या होत्या, उत्तम झाड बिंगच्या ओळीत निघालं, म्हणून ते त्याच्या नावाचं. दुसरी, ते झाड बिंगनेच तयार केलं. दोन्हींचा आधार बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आठवणी. अशा वेळी कामाची वस्तू म्हणजे ओळींची वही: कोणत्या ओळीत कितवं झाड, कोणत्या मातेचं बी, कधी पेरलं, पहिलं फळ कधी. ‘ओळ ५, झाड १२’ एवढी नोंद आठवणींच्या दहा पानांना पुरून उरते.

बिंगचं पुढचं आयुष्यही कागदांनीच ठरवलं. १८८९ च्या सुमारास तो चीनला घरच्यांना भेटायला गेला आणि परत येऊ शकला नाही. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा १८८२ चा चिनी बहिष्कार कायदा होताच, १८८८ च्या स्कॉट कायद्याने तर देशाबाहेर गेलेल्या चिनी मजुरांचे परतीचे दाखलेही रद्द केले. ज्या माणसाचं नाव जगभरच्या फळांच्या दुकानांत आहे, त्याने स्वतः लिहिलेली एक ओळ हाती असती तर किती बरं झालं असतं.

रानमेवा

बिंग लावायची असेल तर शेजारी रॉयल अॅन लावू नका, हे सांगून ठेवते. बिंग, लॅम्बर्ट आणि रॉयल अॅन तिघी एकाच परागगटातल्या, S3S4. एकमेकींचा पराग लागू पडत नाही. फुलं भरगच्च येतात, फळ धरत नाही. व्हॅन किंवा ब्लॅक टार्टेरियन हवी. आणि पिकण्याच्या वेळी पाऊस आला की बिंग तडकते. फळ सालीतूनही पाणी ओढतं, आतला गर फुगतो, सालीला तेवढा ताण सोसत नाही.

सातूचे_पीठ

रॉयल अॅन हे नाव राजघराण्यातल्या कुणाचं?

रानमेवा

मूळ जात नेपोलियन. ओरेगॉनला येताना वाटेत पाटी हरवली आणि तिथे नवं नाव मिळालं, असं फळशास्त्राच्या पुस्तकांत आहे. लाकडी पाटीवरची शाई वर्षभरात जाते. सुतळीने बांधलेली पाटी सुतळी कुजली की पडते, आणि तारेने बांधली तर फांदी जाड झाल्यावर तार सालीत रुतते. म्हणून एकट्या पाटीच्या भरवशावर राहायचं नाही. लावणीचा नकाशा वहीत हवाच, त्यात दिशा आणि सुरुवातीचा खांबही लिहायचा. नाहीतर वही उलटी वाचली की सगळी ओळ चुकते.

दप्तरी

वह्यांवरून पैशांकडे. डॉ. कार्डवेलने १९०६ मध्ये ओरेगॉनच्या पहिल्या फळांवर लिहिलेल्या लेखात विक्रीचे आकडे आहेत. १८५३ मध्ये मीक आणि ल्यूलिंगने सॅन फ्रान्सिस्कोला २०० पौंड सफरचंदं पाठवली, ५०० डॉलर मिळाले. १८५४ मध्ये ४० बुशेलचे २५०० डॉलर. अतिशयोक्ती?

पानगळ

आकडे आपसांत जुळतात का ते आधी बघावं. काही ठिकाणी २०० पौंडांऐवजी ‘चार बुशेल’ असं येतं. सफरचंदाचा बुशेल ४० ते ५० पौंडांचा, म्हणजे दोन्ही एकच. बुशेलला १२५ डॉलर, पुढच्या वर्षी साडेबासष्ट. वर्षात दहापट माल आणि भाव निम्मा. सोन्याच्या खाणींमुळे कॅलिफोर्नियात पैसा होता आणि ताजं फळ नव्हतं, तेव्हा हा भाव पटतो. तिथल्या बागा फळायला लागल्यावर तो उतरणारच होता. हेंडरसनने ते ओळखलं असावं, कारण १८५४ मध्येच तो ओकलंडजवळ गेला. त्याच्या बागेवरून त्या भागाचं नाव फ्रूटव्हेल पडलं.

अवकाळी

कागद वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना. क्वेकर लोक महिन्यांची आणि वारांची नावं लिहीत नसत, कारण ती जुन्या देवतांवरून आलेली. ‘चौथा महिना, सतरावा दिवस’ असं लिहीत. १७५२ नंतरच्या कागदांत चौथा महिना म्हणजे एप्रिल. त्याआधीच्यांत जून, कारण वर्ष मार्चपासून धरत. आणि आडनाव एका स्पेलिंगवर शोधू नका. हेंडरसन आणि सेथ सख्खे भाऊ, पण हेंडरसन ल्यूलिंग लिहितो आणि सेथ लेवेलिंग.

हिरवी_चाळ

गुलामीविरोधी कामाबद्दल कोणी लिहिलं नाही. सेलममधलं त्याचं दगडी घर आज संग्रहालय आहे. जमिनीखाली लपायची जागा, वर झडप. गुलामगिरी असलेल्या मिसूरीतून पळून आलेल्यांना तिथे आसरा मिळे. मिसूरीतला गुलाममालक रूएल डॅग्ज याच्या प्रसिद्ध खटल्यातले लोकही तिथेच लपले होते ना?

पानगळ

तारखा बघा. डॅग्जकडून लोक निसटले जून १८४८ मध्ये, खटला चालला १८५० मध्ये. हेंडरसन एप्रिल १८४७ मध्येच निघून गेला होता. त्या घटनेत त्याला गोवता येत नाही. तो गुलामगिरीविरोधी क्वेकरांच्या वेगळ्या झालेल्या गटात होता, तेवढं त्याच्या बाजूने पुरेसं आहे.

सातूचे_पीठ

एवढा कर्ता माणूस फ्रूटव्हेलला स्थिरावला असेल मग.

पानगळ

नाही. १८५९ मध्ये मुक्त प्रेमाचा (लग्नाच्या बंधनाशिवायच्या संबंधांचा) पुरस्कार करणाऱ्या एका गटाबरोबर तो नवी वसाहत करायला होंडुरासला गेला. ती फसली, पैसा गेला, तो कॅलिफोर्नियाला परतला आणि १८७८ मध्ये सॅन होजेत वारला. गौरवपर लेखांत हे बहुधा गाळतात. मला ते गाळणं अजिबात पटत नाही. ज्या हट्टाने टनभर माती पर्वतापार नेली तोच हट्ट इथेही आहे. गीअरने १८७९ च्या भाषणात म्हटलं की कोलंबियात शिरलेल्या कुठल्याही जहाजापेक्षा त्या गाडीने ओरेगॉनला जास्त संपत्ती दिली. ते खरंच आहे, पण हेंडरसनच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, जुन्या वसाहतकऱ्यांच्या सभेत केलेलं ते भाषण आहे, हे लक्षात ठेवूनच वाचायचं.

मेपल_गल्ली

शिवाय ‘पहिली’ म्हणताना ‘कलमी’ हा शब्द सोडू नये. फोर्ट व्हँकूव्हरला हडसन्स बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांनी १८२६ च्या सुमारास बी लावलं होतं. त्यातलं एक सफरचंद २०२० पर्यंत उभं होतं.

दप्तरी

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: पेटी, कोळसा, संख्या, ऋतू, सगळं एकमेकांशी जुळतं. हे काम न शिकलेल्या माणसाला असं रचून सांगता येणार नाही. झाडांत देव असतो असं समजून वाटेतल्या मूळनिवाशांनी गाडीला हात लावला नाही, ही गोष्टही खूपदा येते. ती मात्र मी ऐकीव म्हणूनच धरेन.

आठवणी वगळून नुसत्या समकालीन कागदांवर काम करायचं तर सुरुवात कुठून?

अवकाळी

ओरेगॉनला आलेल्या वसाहतकऱ्यांना फुकट जमीन देणाऱ्या १८५० च्या कायद्याखालच्या (डोनेशन लँड अॅक्ट) दाव्यांपासून. १ डिसेंबर १८५० आधी आलेल्या जोडप्याला ६४० एकर मिळत, पण चार वर्षं राहून जमीन कसल्याचं सिद्ध करावं लागे. त्यामुळे जन्म, लग्न, ओरेगॉनला आल्याची तारीख आणि साक्षीदार हे सगळं एका जागी सापडतं. त्याच्या जोडीला १८५० ची शेतीची जनगणना घ्या. त्यात बागेच्या उत्पन्नाच्या किमतीचा वेगळा रकाना आहे. मीक, ल्यूलिंग आणि गीअर तिघांच्या ओळी शेजारी ठेवा. क्लॅकमस आणि मेरियन दोन्ही काउंट्या बघाव्या लागतील, गीअर मेरियनमधला.